खोली किरायाने पाहिजे

२०१७ सालच्या एप्रिलातली गोष्ट. यवतमाळचं ऊन ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा उन्हात डोक्यावर पदर, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन मी दारव्हा रोडच्या मागच्या गल्ल्यांतून दारोदार फिरत होते. प्रश्न एकच : "खोली किरायाने आहे का?"

"किती जण?"

"दोघी."

"नोकरीवाल्या?"

"नाही."

"शिकणाऱ्या पोरी?"

"नाही."

"मग?"

या 'मग'पाशी गाडी अडायची. खरं सांगावं तर दार बंद होणार, आणि खोटं सांगून घेतलेली खोली महिनाभरही टिकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. नऊ दारं बंद झाली. दहाव्या दारातल्या काकूंनी निदान आत बोलावून माठातलं पाणी तरी दिलं.

मी काही घरांची दलाल नाही. जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली आणि २०१६ मध्ये, अठ्ठावन्न पुरी झाल्यावर, मी निवृत्त झाले. हे पद म्हणजे काय, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. डॉक्टर आजार बघतात. आजाऱ्याच्या मागेपुढे जे असतं ते आम्ही बघायचं. औषधाला पैसे नाहीत, सोबत माणूस नाही, पत्ता सांगता येत नाही, अशी सगळी प्रकरणं आमच्या टेबलावर. त्यातही मानसोपचार विभागातली सगळ्यांत अवघड. तिथं माणूस बरा होतो, पण घरी जाऊ शकत नाही. सुट्टीच्या कागदावर पत्त्याचा रकाना असतो आणि तो रिकामा राहतो.

ज्या दोघींसाठी मी खोली शोधत होते त्यांची खरी नावं सांगणार नाही. आम्ही त्यांना 'मोठ्या बाई' आणि 'धाकटी' म्हणतो. मोठ्या बाईंना पोलिसांनी बस स्टँडवरून आणलं होतं. केसांच्या जटा, अंगावर तीन लुगडी एकावर एक, आणि तोंडात तेलुगू-मराठीची मिसळ. केळापूरकडची बाई असणार असा मी अंदाज केला आणि तो बरोबर निघाला. गोळ्या सुरू झाल्यावर चार महिन्यांत त्या इतक्या स्थिर झाल्या की वॉर्डातल्या मावशींबरोबर चादरींच्या घड्या घालायच्या. नवरा वारला होता. पैनगंगेच्या पलीकडे भाऊ सापडला. मी स्वतः गेले. भावाने चहा पाजला, डोळ्यांत पाणी आणलं आणि हात जोडले. "बाई, पोरीची सोयरीक जुळली आहे. आत्ता हिला आणू नका." त्याला दुष्ट म्हणावं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. धाकटीची गोष्ट आणखी थोडक्यात : ती रुग्णालयात असतानाच नवऱ्याने दुसरं लग्न केलं. मुलं त्याच्याकडे.

आता योगायोग पाहा. मी उन्हातान्हात खोली शोधत होते त्याच महिन्यात, ७ एप्रिल २०१७ रोजी, मानसिक आरोग्य सेवा कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पुढच्या वर्षी तो लागू झाला. त्याचं एकोणिसावं कलम मला तोंडपाठ आहे. केवळ घरच्यांनी स्वीकारलं नाही, घर नाही, किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असं ते सांगतं. समाजात राहण्याचा हक्क त्यात दिला आहे. शंभरावं कलम पोलिसांवर जबाबदारी टाकतं : रस्त्यावर भटकणाऱ्या अशा माणसाला कोठडीत न टाकता चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं आणि हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून नातेवाईक शोधायचे. फार चांगला कायदा आहे. पण कायद्याला किराया भरता येत नाही, आणि दहा दारं ठोठावायला त्याला पायही नाहीत.

काकूंनी खोल्या दिल्या. टिनाच्या दोन, मागच्या अंगाला, न्हाणी सामायिक. किराया १,८०० रुपये. मी सगळं खरं सांगितलं होतं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मले काही म्हणणं नाही जी. पण रात्री-बेरात्री आरडाओरड झाली त मी कोनाले बोलावू?" मी माझा नंबर त्यांच्या कॅलेंडरवर लिहून दिला. त्या नंबरावरच सौदा झाला असं म्हणायला हरकत नाही. किरायापत्र माझ्या नावानं केलं, कारण दोघींकडे आधार कार्ड नव्हतं. आधारला पत्ता लागतो, पत्त्याला किरायापत्र लागतं आणि किरायापत्राला आधार! हा भोवरा ज्याने अनुभवला नाही त्याला बेघर म्हणजे काय ते कळायचं नाही.

पहिल्या दिवशी एक छोटी गोष्ट झाली. मी कुलूप लावून दाखवलं आणि किल्ली मोठ्या बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती परत माझ्यापुढे धरली. वॉर्डात इतके महिने राहिलेल्या माणसाला किल्ली आपल्याकडे ठेवायची असते हेच आठवत नव्हतं. मी घेतली नाही. मग त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. आठ वर्षं होऊन गेली, ती अजून तिथंच असते.

एकदा खोली मिळाली की काम संपलं, अशी माझी समजूत होती. इतकी वर्षं या खात्यात घालवूनही मी किती अजाण होते! पहिल्याच दसऱ्याला धाकटीने गोळ्या बंद केल्या. 'आता मी बरी आहे' हे त्यामागचं कारण, आणि ते तुम्हा-आम्हालाही लागू आहे. ताप उतरला की आपण तरी गोळ्यांचा कोर्स कुठं पुरा करतो? बाराव्या दिवशी रात्री दोन वाजता काकूंचा फोन. मी आणि माझे यजमान स्कूटरवर पोचलो तर धाकटी अंगणात उभी राहून आपल्या मुलांना हाका मारत होती. शेजारी खिडक्यांत. पहाटेपर्यंत बसलो. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी काकूंनी सांगितलं, "बाई, महिन्याभरात खोली खाली करा."

त्या महिन्याभरात मी काय केलं असेल? काकूंच्या ओट्यावर बसले. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास. धाकटीबद्दल फारसं बोललेच नाही. त्यांच्या गुडघ्यांबद्दल, पुण्याच्या मुलाबद्दल, कापसाच्या भावाबद्दल बोलत बसले. गोळ्यांचा डबा काकूंच्याच देवघराशेजारी ठेवायचं त्यांच्या मनानंच ठरलं. महिना संपला आणि खोली खाली करण्याचा विषय कोणी काढला नाही.

काकूंचं मन खरं फिरलं ते पुढच्या उन्हाळ्यात, पाण्यापायी. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. निळोणा आणि चापडोह, शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं आटली. नळाची वाट पाहण्यात आठवडे जायचे, टँकर आला की गल्लीत हाणामारी व्हायची. मोठ्या बाई पहाटे चारला उठून ड्रम रांगेत लावायच्या. कोणाचे किती गुंड, कोणाची पाळी कितवी, सगळा हिशेब त्यांच्या तोंडी. त्यांच्यापुढे लबाडी करायची कोणाची छाती नव्हती. गल्लीतल्या बायका त्यांना 'वेडी' म्हणायच्या, त्या 'पाणीवाल्या बाई' म्हणू लागल्या.

कागदपत्रांचं पुराण लांबवत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळत. त्यासाठी पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा हवा. मोठ्या बाईंचं नाव सासरच्या रेशन कार्डातून केव्हाच कमी केलेलं. शेवटी एका जुन्या मतदार यादीत ते सापडलं, तेव्हा मी त्या कार्यालयाच्या पायरीवरच बसून हसले. मानसिक आजार हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांपैकी एक आहे. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळवायला चार खेपा. पुढे निराधारचे हजार झाले, मग दीड हजार, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार. बाकीचा खर्च आम्ही तीन पेन्शनर मिळून करतो. सकाळ-संध्याकाळ येणारी एक सोबतीण आहे, तिचे महिन्याचे चार हजार. ती स्वयंपाक करत नाही, दोघींना करायला लावते. बाजारात बरोबर जाते, बँकेत बरोबर उभी राहते.

ही सोबत म्हणजेच खरं काम, आणि नेमके तिचेच पैसे कोणी देत नाही. इमारतीला देणगी मिळते. अन्नदानाला मिळते. पंगतीचा फोटो काढता येतो. ओट्यावर बसण्याचा फोटो कसा काढणार?

माझा भाचा (धाकट्या बहिणीचा मुलगा) अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. रविवारी फोन करतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मावशी, तू जे करतेस ते इथं सरकारमान्य काम आहे. त्याचे पैसे मिळतात." मला आधी थट्टा वाटली. पण खरं होतं. तिकडे १९६५ पासून मेडिकेड नावाची योजना आहे. गरीब आणि अपंग माणसांच्या औषधपाण्याचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. ती योजना सहसा घरभाडं देत नाही. पण घर शोधून देणारा, घरमालकाशी बोलणारा, घर टिकवायला मदत करणारा जो माणूस, त्याच्या वेळेचे पैसे देण्याची सोय मिनेसोटाने जुलै २०२० पासून केली. मेडिकेडच्या नेहमीच्या सेवांमध्ये ही सेवा घालणारं ते पहिलं राज्य. विचार साधा होता : डोक्यावर छप्पर नसलेला माणूस वारंवार दवाखान्यात येतो, मग छप्पर टिकवणं हाही उपचारच. संस्थेने नोंदणी करायची, सेवा द्यायची, बिल लावायचं. बिलाचं माप पंधरा मिनिटांचं. पंधरा मिनिटं म्हणजे एक युनिट.

आम्ही दोघांनी फोनवर हिशेब मांडला. काकूंच्या ओट्यावर चहा : दोन युनिटं. तहसीलमध्ये साहेबांची वाट : बारा युनिटं. (साहेब आलेच नाहीत, ते सोडा.) दसऱ्याची ती रात्र : सोळा. यजमान म्हणाले, "माझीही धरा, स्कूटर माझी होती!" हसून हसून पुरेवाट झाली. पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात किडा वळवळू लागला. आपलंही वय होतंय. मी गेल्यावर कॅलेंडरवरच्या त्या नंबराचं काय? आपण रीतसर संस्था का होऊ नये? अनुदान मिळालं तर सोबतिणीचा पगार तरी आमच्या पेन्शनवर राहणार नाही.

वाचकांपैकी अनेकांनी संस्था काढल्या असतील. त्यांना सांगायला नको. सात माणसं लागतात. निवृत्त मुख्याध्यापक, एक शिंपीदादा, माझी जुनी सहकारी, आम्ही नवरा-बायको, सोबतीण आणि सातव्या स्वतः काकू! "सही कुठं करू ते सांगा," एवढंच त्यांनी विचारलं. २०२१ मध्ये धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी झाली, मग पॅन, मग नीती आयोगाच्या 'दर्पण'वर नाव, मग तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. त्या तीन वर्षांत आमचे मुख्याध्यापक खजिनदार झाले आणि वांगी-आलूची पावती मागायला लागले. बाजारातली म्हातारी पावती देईल का? त्यांचा आणि मोठ्या बाईंचा यावरून जो वाद झाला, तो इथं देण्यासारखा नाही.

खरी गोची पुढे होती. मानसिक आजाराच्या माणसांना ठेवायचं तर 'मानसिक आरोग्य आस्थापना' म्हणून राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. आस्थापनेची कायद्यातली व्याख्या भलीमोठी आहे. उपचार, विश्रांती, पुनर्वसन अशा कशासाठीही जिथं अशी माणसं राहतात ती जागा. पण शेवटी एक अपवाद आहे. ती व्यक्ती नातेवाइकांसोबत किंवा मित्रांसोबत जिथं राहते, ते राहतं घर आस्थापना धरायचं नाही.

मार्गदर्शनासाठी गेले तेव्हा एका अधिकाऱ्याने कागद वाचून शांतपणे विचारलं, "बाई, हे घर आहे की संस्था, ते आधी ठरवा."

मला उत्तर देता येईना. २०२२ पासून तिथं तिसरी बाई आली आहे. तिघी एकमेकींच्या कोण? मैत्रिणी? पहिल्या वर्षी नक्कीच नव्हत्या. आता धाकटीला ताप आला तर मोठ्या बाई रात्रभर पंखा हलवत बसतात. मग हे घर. पण घर म्हटलं की अनुदानाचा प्रश्नच मिटला. आणि संस्था म्हटलं तर रजिस्टर आलं, खाटांची संख्या आली, दारावर पाटी आली. ज्या पाटीपासून दूर नेण्यासाठी आम्ही खोली घेतली, तीच पाटी आमच्या हातानं लावायची!

तरी तपासणीच्या विरोधात मी नाही, हे स्पष्ट सांगते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. तीही कोणाच्या तरी 'सोयी'साठीच ठेवलेली होती आणि कोणी बघायला जात नव्हतं. आपल्या राज्याचंही सांगायला हवं. बरी झालेली माणसं मनोरुग्णालयातून उचलून भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात पाठवली जात होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला हे थांबवायला सांगितलं. पत्ता बदलला म्हणजे घर मिळालं असं होत नाही.

आणि भाच्याच्या मिनेसोटात काय झालं? तिथं नोंदणी सोपी ठेवली होती, छोट्या संस्थांनाही येता यावं म्हणून. योजना आखताना वर्षाचा खर्च २६ लाख डॉलर धरला होता. २०२४ मध्ये तो १० कोटी डॉलरच्या वर गेला. न दिलेल्या सेवांची बिलं, नुसत्या कागदावरची युनिटं. २०२५ च्या जुलैत तपास यंत्रणेचे छापे पडले, सप्टेंबरात खटले दाखल झाले आणि ऑक्टोबरअखेर सरकारने ती सेवाच बंद केली. भाचा सांगत होता, खरोखर सोबत करणाऱ्या संस्थाही त्यात गेल्या आणि त्यांच्या आधारानं राहणारे लोक नवा माणूस शोधत फिरताहेत. त्या रविवारी आम्ही युनिटांवर हसलो नाही. आमच्या मुख्याध्यापकांना मात्र ही बातमी ऐकून स्फुरण चढलं. "म्हणून मी पावत्या मागतो!" आता मीही त्यांना काही बोलत नाही.

वाट दाखवणारे लोक आपल्याकडे आहेत. यवतमाळातच नंददीप फाउंडेशन रस्त्यावरच्या मनोरुग्णांना निवारा देतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची 'श्रद्धा' अशा माणसांना बरं करून देशाच्या कानाकोपऱ्यात घरी पोचवते; त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना घर उरलेलंच नाही त्यांच्यासाठी चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने २०१५ मध्ये 'होम अगेन' सुरू केलं. चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीत किरायाच्या घरात राहतात, मदतीला एक सोबतीण. हे वाचलं तेव्हा मला कोण आनंद झाला! आपण काही वेडगळपणा करत नव्हतो तर. तोच प्रयोग पुढे आपल्या रत्नागिरीतही आला.

शेवटी अर्ज करायचं ठरलं. ठराव काकूंच्या ओट्यावर झाला. मुख्याध्यापक बाजूने, शिंपीदादा विरोधात, मी कधी इकडे, कधी तिकडे. तिघींनाही विचारलं, कारण घर त्यांचं. तिसरी काही बोलली नाही. धाकटीने विचारलं, "साहेब लोक आमच्या पेट्या उघडून पाहतील का?" पाहणार नाहीत, असं मी सांगितलं, तसं लेखी मागणार आहे. मोठ्या बाईंचा आक्षेप निराळाच. अर्जात खाटांचा रकाना आहे, खाटा आणाव्या लागतील, असं मी म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मले खाट नको. मी खालीच झोपतो. खाट दवाखान्यात राह्यते."

त्या रकान्यात 'तीन गाद्या' लिहून अर्ज पाठवला आहे. चालेल की नाही, ते मंगळवारी कळेल. त्या दिवशी पाहणीला येणार आहेत. पाटीचं अजून ठरलेलं नाही. काकूंनी न्हाणीला चुना मारून घेतला, गच्चीवरच्या कुरडया काढाव्यात का, म्हणून मला दोनदा विचारलं. आज सकाळी पुन्हा फोन : "बाई, साहेब येऊन राह्यले त पोहे करू की उपमा?"

मी म्हटलं, पोहे. शेंगदाणे आणायला धाकटी बाजारात गेली आहे.